परदेशातल्या वस्तीत सेवेला जाणारी मिशन टीम: तिकिटं काढण्याआधी काय ठरवायचं

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. एका मंडळीतून (चर्चमधून) बारा जणांची टीम दोन आठवड्यांसाठी परदेशातल्या एका मोठ्या शहरात, कचरा डेपोलगतच्या वस्तीत सेवेला जाणार आहे. वस्तीतली बहुतेक कुटुंबं शेजारच्या देशातून आलेली, कागदपत्रं नसलेली, कचरा वेचून पोट भरणारी. तिथल्या एका छोट्या मंडळीच्या पाळकांनी बोलावलंय. बेत चार कामांचा आहे: आरोग्य शिबिर, मुलांचा कार्यक्रम, कपडेवाटप आणि संध्याकाळी सुवार्ता सभा. तयारी कशी करावी?

आधी माझं मत सांगून टाकतो. कपडेवाटप रद्द करा. आरोग्य शिबिर निम्म्यावर आणा. मुलांचा कार्यक्रम स्थानिक शिक्षकांच्या हाती द्या. सभेचं सर्वस्वी यजमान मंडळीनं ठरवू द्या. आणि टीम बाराची नको, सहा-सात जणांची न्या.

संख्येपासूनच सुरुवात करू, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ज्यांना भाषा येत नाही अशा दोन माणसांमागे एक दुभाषी लागतो. बारा जणांना सहा. छोट्या मंडळीत दोन्ही भाषा बऱ्या येणारी सहा माणसं म्हणजे तिथले शाळेचे शिक्षक, तरुण संघाचा प्रमुख, पाळकांची पत्नी असे सगळे कामाचे लोक. ते दोन आठवडे तुमच्यामागे फिरले की त्यांची रोजची कामं बंद पडतात. शिवाय बारा जण एका गाडीत मावत नाहीत, एका घरात राहू शकत नाहीत, आणि अरुंद गल्लीत शिरले की पाहणी पथक आल्यासारखं दिसतं. सहा जण गेले तर तीन दुभाषी, एक गाडी आणि एक स्वयंपाकघर पुरतं.

यजमानांशी बोलणं

तुमच्या पत्रव्यवहारात तुम्ही काय करणार याची यादी आहे आणि पाळकांचं उत्तर "हो, या" एवढंच आहे. हे उत्तर पुरेसं धरू नका. पैसा आणि माणसं घेऊन येणाऱ्याला छोटी मंडळी "नको" म्हणत नाही. म्हणून "हे चालेल का?" असा प्रश्नच विचारू नका. विचारायचं ते असं: या चार कामांतलं कोणतं एक गाळू? गेल्या बारा महिन्यांत या वस्तीत तुमचं कोणतं काम चालू होतं? ते कोण करतं? आम्ही परतल्यानंतरच्या महिन्यात ते कसं चालेल? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: टीम न येता फक्त तिच्या प्रवासाचा खर्च तुमच्याकडे आला, तर तुम्ही त्याचं काय कराल? याचं उत्तर ऐकून टीमचा बेतच बदलावा लागला तर तो बदलायची तयारी ठेवूनच विचारा.

मुख्य टीमच्या चार-पाच महिने आधी दोघांनी चार-पाच दिवस जाऊन यावं. त्या फेरीत वाटप नाही, शिबिर नाही, फोटो नाहीत. त्यांनी फक्त पाळकांना नव्हे तर वस्तीतल्या माणसांना भेटायचं. पाळक पुष्कळदा बहुसंख्य समाजातले असतात, त्यांची भाषा वेगळी असते आणि वस्तीशी त्यांचा संबंध आठवड्यातून दोन दिवसांचा असतो. वस्तीतही एकजिनसीपणा नसतो. आधी आलेले आणि नंतर आलेले, झोपडी मालकीची असलेले आणि भाड्याने राहणारे, भंगार विकत घेणारा दलाल आणि त्याच्या कर्जात अडकलेले वेचक असे थर असतात. शिबिर दलालाच्या आवारात भरलं की त्याच्याशी वाकडं असलेली कुटुंबं फिरकत नाहीत. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात आणि टीमला ते कळतही नाही. जागा सगळ्यांना मोकळेपणानं येता येईल अशी हवी: पाणी भरायच्या नळाजवळचं मोकळं मैदान, शाळेची शेड, क्वचित मंडळीचं सभागृह. सभागृहात इतर धर्माचे लोक बिनदिक्कत येतात का, हे आधी विचारून घ्या.

त्या पहिल्या फेरीहून परतल्यावर एका पानाचा लेखी करार करा. त्यात चार गोष्टी पुरेत. तिथे अंतिम शब्द कोणाचा (यजमानांचा). पैसा कोणाच्या हातातून जाईल. मुलांच्या सुरक्षिततेबाबत तक्रार आली तर ती कोण ऐकेल. आणि कार्यक्रम तडकाफडकी थांबवायचा अधिकार कोणाला. हा शेवटचा अधिकार वस्तीतल्या एखाद्या जाणत्या बाईकडेही असावा. पोलीस येण्याची कुणकुण किंवा दलालाची नाराजी तिला तुमच्या टीमप्रमुखापेक्षा दोन तास आधी कळते.

कायदा आणि कागदपत्रं

पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा, वैद्यकीय सेवा किंवा धार्मिक काम करणं अनेक देशांत बेकायदा आहे. काही देशांत धार्मिक कामासाठी व्हिसाचा वेगळा प्रकार असतो आणि त्यासाठी तिथल्या नोंदणीकृत संस्थेचं पत्र लागतं. अर्जावर "सहल" लिहून नंतर वस्तीत शिबिर भरवणं ही सरळ खोटी साक्ष झाली. पकडलं गेल्यावर टीम विमानात बसते, चौकशी मात्र यजमानांची होते.

धर्मांतराविषयीचे कायदे देशागणिक निराळे आहेत आणि ते नीट वाचावे लागतात. नेपाळचं उदाहरण घ्या. २०१७ साली मंजूर होऊन ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या १५८ व्या कलमानुसार दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर पाठवायची तरतूद आहे. तुम्ही जाताय त्या देशात काय आहे ते तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. पाळकांचं "इथे कोणी काही म्हणत नाही" हे वाक्य सल्ला म्हणून चालत नाही.

कागदपत्रं नसलेल्या लोकांच्या बाबतीत धोका वेगळाच असतो. परदेशी चेहरे, गर्दी आणि कॅमेरा या तिन्हींमुळे एरवी दुर्लक्षित असलेली वस्ती नजरेत येते. शिबिराच्या नोंदवहीत नाव, मूळ गाव आणि फोन नंबर लिहिला की ती वही म्हणजे हद्दपारीची तयार यादी. म्हणून नोंद टोकन क्रमांकावर करा. वय, लिंग, तक्रार, दिलेलं औषध एवढंच लिहा. क्रमांक कोणाचा हे एका स्थानिक आरोग्यसेविकेच्या वहीत राहील आणि ती वही टीमसोबत विमानात जाणार नाही. "तुमच्याकडे कागद आहेत का?" हा प्रश्न टीममधल्या कोणीही, कुठल्याही निमित्तानं विचारायचा नाही.

डॉक्टर-परिचारिकांना यजमान देशाच्या वैद्यक परिषदेची तात्पुरती परवानगी लागते. तिला काही आठवडे लागतात, काही ठिकाणी महिने. औषधं सामानातून नेण्याआधी आयातीचे नियम पाहा. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर तर फार कडक नियंत्रण असतं.

आरोग्य शिबिर

"एका दिवसात तीनशे रुग्ण तपासले" हे वाक्य अहवालात छान दिसतं. गणित करून पाहा. दुभाष्यामार्फत बोलताना एका रुग्णाला प्रामाणिकपणे दहा-बारा मिनिटं लागतात. पाच तासांत एक डॉक्टर पंचवीस ते तीस रुग्ण पाहतो. दोन डॉक्टर असतील तर पन्नास-साठ. तीनशे पाहिले म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटं मिळाली आणि एक पॅरासिटामॉलची पट्टी. म्हणून आदल्या संध्याकाळी आरोग्यसेविकेनं घरोघर फिरून पन्नास टोकनं द्यावीत. गर्भवती, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना पहिली. पाच टोकनं अचानक येणाऱ्या तातडीच्या रुग्णांसाठी राखून ठेवा.

मांडणी एकाच दिशेने वाहणारी हवी: टोकन, वजन-ताप-रक्तदाब, डॉक्टर, औषध, आणि बाहेर पडायच्या जागी आरोग्यसेविका. हा शेवटचा टप्पा बहुतेक शिबिरांत नसतो आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. डॉक्टरांनी काय सांगितलं ते रुग्ण आपल्या भाषेत तिला परत सांगतो, गोळ्या कधी घ्यायच्या ते दाखवतो, आणि दवाखान्यात जायचं असेल तर सोबत कोण येणार ते तिथेच ठरतं. औषधाच्या पाकिटावर अक्षरांपेक्षा उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी चित्रं काढा.

औषधं यजमान देशातच, तिथल्या सरकारी यादीतून विकत घ्या. म्हणजे पुढे तीच औषधं तिथल्या दवाखान्यात मिळतात. न्यायचीच झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पोचतेवेळी निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. घराघरांतून गोळा केलेल्या उरलेल्या पट्ट्या आणि डॉक्टरांकडची नमुन्याची पाकिटं तर मुळीच नकोत.

रक्तदाब आणि मधुमेह ही शिबिराची सापळ्याची जागा आहे. रांगेत उभ्या राहिलेल्या घाबरलेल्या माणसाचा रक्तदाब तात्पुरता वाढलेला असू शकतो. एका मोजणीवर त्याला तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या की एकतिसाव्या दिवशी तो होता तिथेच येतो. वर त्याला वाटतं, आजार बरा झाला. नियम सोपा ठेवा: दोन वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय निदान नाही, आणि स्थानिक दवाखान्यानं पुढे चालवायचं कबूल केल्याशिवाय जन्मभराचं औषध सुरू करायचं नाही. रक्तदाब फारच वाढलेला असेल किंवा छातीत दुखणं, धाप लागणं अशी लक्षणं असतील, तर मात्र त्याच दिवशी गाडीत घालून रुग्णालयात.

मग शिबिरात करण्यासारखं काय उरतं? बरंच. जुलाब लागलेल्या मुलाला क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं आणि जस्ताच्या गोळ्या: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या, हे आईला सांगितलं नाही तर ती बंद करते. पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाट कसा करायचा हे तिच्याच भांड्यात, तिच्याच हातानं करून घ्या.

सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या डाव्या दंडाचा घेर रंगीत पट्टीनं मोजा. ११५ मिलिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. अशा मुलाला खाऊचं पाकीट देऊन घरी पाठवायचं नसतं, उपचार केंद्रात न्यायचं असतं. ११५ ते १२५ मधली मुलं आरोग्यसेविकेच्या वहीत जातात. जंतांच्या गोळ्या द्यायच्या आधी सरकारी मोहीम नुकतीच झाली आहे का ते विचारा.

कचरा वेचणाऱ्यांसाठी खास दोन गोष्टी. हाताला सुया-काचा सतत लागतात, त्यामुळे धनुर्वाताच्या लसीची सोय स्थानिक दवाखान्यामार्फत करा आणि जखम धुण्याची पद्धत शिकवा. दुसरी म्हणजे जवळचे चष्मे. चाळिशी ओलांडलेल्याला तारेचा तुकडा आणि प्लास्टिकचा प्रकार ओळखता येईनासा झाला की त्याची रोजची कमाई घटते. ४० सेंटिमीटरवर तक्ता धरून +१.०० ते +३.०० मधला योग्य नंबर पाच-सात मिनिटांत सापडतो. चष्मे नवे घ्या. जुन्या चष्म्यांची पेटी दिसायला दानशूर, पण त्यातला बहुतेक माल दुसऱ्याच्या दोन डोळ्यांच्या दोन नंबरांचा असतो. वाचता न येणाऱ्यांसाठी तक्त्याऐवजी सुईत दोरा ओवायला द्या.

दात काढायचं शिबिर करायचं का, असं तुमच्या पत्रात विचारलंय. उपकरणं दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करायची सोय असेल तरच: १२१ अंश सेल्सियसला, गुंडाळलेली असतील तर ३० मिनिटं. उकळत्या पाण्यात टाकलेली पक्कड निर्जंतुक होत नाही. नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांतून कावीळ ब आणि क पसरू शकते.

वैद्यकीय खर्चातला निदान अर्धा पुढच्या उपचारांसाठी राखा: रुग्णालयाची फी, तपासण्या, गाडीभाडं आणि सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी. कागद नसलेला माणूस पैशापेक्षा दारावरच्या पहारेकऱ्याला जास्त घाबरतो. बरोबर ओळखीची, तिथली भाषा बोलणारी बाई असली तरच तो आत जातो. बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी, म्हणजे वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला मदत करणारा परका, जखमेवर तेल ओतून निघून गेला नाही. त्यानं उतारशाळेच्या रखवालदाराकडे दोन दीनार ठेवले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला. तेल ओतण्याचं चित्र सगळ्यांना आठवतं, रखवालदार कोणाला आठवत नाही.

शिबिरात प्रार्थना करावी का? औषध हातात पडल्यानंतर, वेगळ्या जागी, आणि कोणी मागितली तर. रांग आणि डॉक्टर यांच्यामध्ये प्रार्थनेचं टेबल आलं की रुग्णाला ती अट वाटते, तुम्ही कितीही नाही म्हणा. रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत मदतीचा वापर धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रसारासाठी करू नये असं स्पष्ट आहे. ही संहिता घडवणाऱ्यांत कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. त्यामुळे हा विश्वासाला विरोध करणाऱ्यांनी घातलेला नियम आहे, असं कोणी म्हणू नये.

मुलं

टीममधल्या प्रत्येकाचा पोलिसांकडचा चारित्र्य दाखला आणि दोन जणांची लेखी शिफारस घ्या. पाळकांच्या मुलाकडूनही घ्या. एकटा मोठा माणूस कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत, गाडीत किंवा नजरेआड राहणार नाही. दोन मोठी माणसं, त्यातला एक स्थानिक, हा नियम शौचालयापर्यंत लागू. मुलांना उचलून घेणं, मांडीवर बसवणं टीमनं आपणहून करायचं नाही.

कार्यक्रम स्थानिक शिक्षकांनी त्यांच्या भाषेत घ्यावा. तुमच्या टीमनं पहिले दोन दिवस त्या शिक्षकांसोबत बसून गोष्टी, गाणी, हस्तकलेचं साहित्य तयार करावं आणि नंतर मागे बसावं. साहित्य तिथेच मिळणारं असावं. परदेशातून आणलेले चकचकीत स्टिकर संपले की स्थानिक शिक्षिकेचा साधा वर्ग मुलांना फिका वाटतो, आणि ते नुकसान तिला वर्षभर भरून काढावं लागतं.

अनाथाश्रमाची भेट दिनक्रमात घालू नका. अशा संस्थांतल्या बऱ्याच मुलांना आई किंवा वडील असतात. पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून गरीब घरांतली मुलं तिथे गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्तानं याची दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही डिसेंबर २०१९ मधल्या बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेनं होणारी हानी रोखायला सांगितलं. चांगल्या हेतूनं कुठवर मजल जाते ते हैतीत दिसलं. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या एका चर्चगटाचे दहा जण तेहतीस मुलांना कागदपत्रांशिवाय डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना सीमेवर पकडले गेले. मुलांना पालक होते हे पुढे निघालं.

फोटोंबद्दल थोडक्यात: या वस्तीत मुलांचे चेहरे नकोतच. हातांचे, वस्तूंचे, पाठमोरे फोटो पुरतात. फोनमधली ठिकाणाची नोंद बंद करा.

कपडेवाटप का नको

वजनदार कपडे विमानानं नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तिथल्या जुन्या कपड्यांच्या विक्रेत्याचं त्या आठवड्याचं गिऱ्हाईक जातं, आणि तो विक्रेता बहुधा त्याच वस्तीतला असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यांवर न वापरता येणाऱ्या दान कपड्यांचे ढीग कुजत पडले होते. उष्ण हवेच्या गावात लोकरी कोट कोण घालणार?

वाटप करणं यजमानांना खरोखरच गरजेचं वाटत असेल, उदाहरणार्थ आग लागल्यावर किंवा पुरानंतर, तर यादी वस्तीच्या समितीनं करावी आणि समितीत बायका जास्त असाव्यात. घरटी एक टोकन, प्रत्येकाला सारखंच पाकीट, यादीपेक्षा दहा टक्के जास्त माल. वाटप सकाळी, दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी. आत जायचा आणि बाहेर पडायचा रस्ता वेगळा. दोरीनं आखलेली रांग एकेरी. चेंगराचेंगरी माल कमी असल्यामुळे होत नाही. माल संपतोय अशी भीती पसरल्यामुळे होते. म्हणून ढीग लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवू नका आणि किती टोकनांना मिळणार ते आधीच जाहीर करा. गाडीवरून काहीही फेकायचं नाही, गोळ्या-चॉकलेटंसुद्धा नाहीत.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे वाटू नका, कोणी फुकट दिले तरी. दूषित पाण्यात, पुरवून पुरवून पातळ केलेली पावडर बाळाला जुलाब लावते आणि तोवर आईचं दूध आटतं. १९८१ चा आईच्या दुधाच्या पर्यायांबाबतचा आंतरराष्ट्रीय संकेत याचसाठी आहे. आई नसलेल्या बाळाची सोय दवाखान्यामार्फत होते.

कोणीतरी टीममध्ये "एक बोअर मारून देऊ" म्हणेलच. दोन आठवड्यांत ते काम होत नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका बसल्या, जंतूंच्या दृष्टीनं पाणी चांगलं होतं, पण आर्सेनिक कोणी तपासलंच नव्हतं. ते १९९० च्या दशकात पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि हे रंगावरून किंवा चवीवरून कळत नाही. तुम्हाला पाण्यासाठी काही करायचंच असेल तर आहे त्या नळांची गळती आणि रांग पाहा. आपत्तीतल्या मदतीच्या किमान मानकांप्रमाणे माणशी दिवसाला १५ लिटर पाणी आणि अडीचशे माणसांमागे एक नळ लागतो. त्यापुढचं काम स्थानिक पाणी विभागाचं आणि ते त्यांच्याकडून करून घेणं यजमानांचं.

सभा आणि वचन

वीस मिनिटांचा संदेश दुभाष्यासह चाळीस मिनिटांचा होतो. म्हणून दहाच मिनिटांचा तयार करा. एका श्वासात एक वाक्य. म्हणी, विनोद, शब्दखेळ, आकडे टाळा. दुभाष्याला लेखी मजकूर दोन दिवस आधी द्या आणि पाप, तारण, कृपा यांसाठी वस्तीतले लोक कोणते शब्द वापरतात ते त्याच्याकडून समजून घ्या. शब्दकोशातला "पाप" काही भाषांत फौजदारी गुन्ह्यासाठीही वापरतात, आणि पोलिसांना घाबरणाऱ्या श्रोत्यांना त्यातून भलतंच ऐकू येतं. शास्त्रवाचन स्थानिक माणसानं, स्थानिक भाषांतरातून करावं.

हात वर करायला सांगून मोजू नका. पाहुण्याचा मान राखायला लोक हात वर करतात, कालच्या सभेतलेच आज पुन्हा करतात, आणि परतल्यावर तो आकडा अहवालात जातो. ज्यांना यजमान मंडळी नावानं ओळखत नाही त्यांचा हिशोब कोणीच देऊ शकत नाही. बाप्तिस्मा टीमनं देऊ नये. एकोणिसाव्या शतकात हेन्री वेन आणि रूफस अँडरसन या इंग्रज आणि अमेरिकन मिशन-नेत्यांनी नव्या मंडळ्यांसाठी स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही तीन सूत्रं मांडली. परदेशी टीमनं बाप्तिस्मा दिला की पहिलंच सूत्र तुटतं. मिश्र वस्तीत ध्वनिक्षेपक नको. घरी बोलावलं तर जा, आणि येशूनं पाठवलेल्या सत्तर शिष्यांना सांगितलं होतं तसं पुढे वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका.

टीम आणि पैसा

लसीकरणासाठी सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरांकडे जा. पीतज्वराचा दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. आयत्या वेळी घेतली तर विमानतळावर अडकाल. मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर परतल्यानंतरही चार आठवडे रोज घ्यायची असते. घरी पोचताच बंद करणारे पुष्कळ. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर प्रवासाचं डॉक्टरांना आपणहून सांगा. डेपोवर कुत्री असतात: चावलं, नुसतं ओरखडलं तरी साबणानं वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवून लगेच रेबीजच्या लसीसाठी न्या, संध्याकाळपर्यंत थांबू नका. विम्यात रुग्णाला विमानानं हलवायचा खर्च धरलेला असावा.

रोख रक्कम खिशाखिशात वाटून नेऊ नका. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त आणि अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर रोख असेल तर घोषणा करावी लागते, इतर देशांत मर्यादा निराळ्या. मुख्य रक्कम यजमान संस्थेच्या खात्यावर बँकेतून पाठवा, पावती घ्या, खर्चावर दोन सह्या असाव्यात. दुभाषी आणि स्वयंपाकिणीला तिथल्या दरानं मजुरी द्या. जास्त दिलीत तर पुढे मंडळीला ती परवडत नाही, फुकट राबवलंत तर तुमच्या सेवेचा खर्च तिनं सोसला.

खासगी देणगी हे टीमचं सगळ्यात दुखरं ठिकाण. कोणीतरी हळवं होऊन एका कुटुंबाला गुपचूप पैसे देतं. ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं आणि दुसऱ्या दिवशी पाळकांच्या दारात रांग लागते: तिला दिले, मला का नाही? निघण्याआधी सगळ्यांकडून लिहून घ्या की मदत समितीमार्फतच जाईल. प्रत्येकानं वस्तीच्या भाषेत एक वाक्य पाठ करावं: "हे ठरवायचा अधिकार मला नाही, मी समितीला सांगतो." फोन नंबर देण्याबाबतही तेच.

दिनक्रम ढिला ठेवा. दिवसाला एकच मोठं काम, तेही उन्हाआधी, मधला एक पूर्ण दिवस मोकळा. तेराव्या दिवशी टीममध्ये जी भांडणं होतात ती बहुतेक झोप आणि पाणी कमी पडल्याची असतात.

शेवटच्या दिवशी यजमान मंडळींची बैठक टीमशिवाय होऊ द्या, आणि त्यांचं म्हणणं तटस्थ माणसानं लिहून पाठवावं. तुमचा अहवाल आधी त्यांना दाखवा, मग आपल्या मंडळीत वाचा. पुढच्या उपचारांसाठी पाठवलेल्या रुग्णांची क्रमांकवार यादी तीस आणि नव्वद दिवसांनी आरोग्यसेविकेसोबत फोनवर तपासा: कोण पोचलं, कोण नाही, पैसे कुठे कमी पडले. कमी पडले असतील तर ते त्याच आठवड्यात पाठवा. पुढच्या वर्षाचं निमंत्रण मात्र तुम्ही मागू नका. ते त्यांच्याकडून, हवी असलेली माणसं आणि नको असलेली कामं लिहून आलं, तरच पुढची टीम जमवायला घ्या.